पिवळा पट्टा

१

डब्यात पाचच पट्टे निघाले.

डॉर्टेनं डबा टेबलावर पालथा केला, तळाला थाप मारली, आत बोटं फिरवून पाहिली. चहाच्या जुन्या भुकटीखेरीज हाताला काही लागलं नाही.

स्वानेलुंड या पाळण्यांच्या उद्यानाची तिकिटं म्हणजे मनगटाला बांधायचे कापडी पट्टे. मोठ्या माणसांचे चार निळे, सात वर्षांच्या सोल्वायचा लाल आणि चार वर्षांच्या बर्टिलचा पिवळा. शाळांच्या सुटीत त्या उद्यानाच्या दारावर तिकीट मिळत नाही. म्हणून डॉर्टेनं ती भर हिवाळ्यातच घेऊन ठेवली होती, आणि तेव्हापासून तिनं या एका दिवसाचा घोर लावून घेतला होता. पाऊस आला तर? गाडी बंद पडली तर? सोल्वायचा कान दुखायला लागला तर? "अगं, आपण खेळायला चाललोय, ऑपरेशनला नाही," असं तिचा नवरा येप्पे म्हणायचा. पण प्रत्येक 'तर'ला तिच्याकडे उपाय तयार असे. तिकीटच नाहीसं झालं तर, हे मात्र तिच्याही मनात आलं नव्हतं.

आज डबा सापडायलाच वेळ लागला होता. "फ्रिजवर नाहीये गं तो!" असं येप्पे मघाशी स्वयंपाकघरातून ओरडला होता. मग तिनंच स्टुलावर चढून फळीवरच्या पिठाच्या बरणीमागून तो काढला होता.

"एक तिकीट नाहीये," ती म्हणाली.

न्याहारीच्या टेबलावरचे सगळे थांबले. येप्पेचा लोण्याचा सुरा पावावर तसाच राहिला. तिची धाकटी बहीण विबेके कॉफीचा पेला तोंडाशी धरून बघत राहिली. बूट, पाठपिशवी, सगळं चढवून बसलेल्या सोल्वायचा ओठ थरथरायला लागला.

"नीट बघितलंस?" येप्पे.

"डबा फाडून बघू का आता?"

"म्हणजे जायचं नाही आपण?" सोल्वायनं भोकाड पसरलं.

"जायचं, जायचं! रडायचं काय त्यात?" थोर्किल म्हणाले. येप्पेचे वडील. मच्छीमार बोटीवर जन्म काढलेला माणूस; त्यांचा आवाज लाकडी घरातही वाऱ्यावर ओरडल्यासारखा यायचा. बर्टिल त्यांच्या मांडीवर बसला होता. "तुम्ही चौघं जा. मी आणि हा पठ्ठ्या घर सांभाळतो. वाळूचा किल्ला करू. काय रे?"

बर्टिल काही बोलला नाही. डोक्यावरची लोकरीची टोपी त्यानं कानांपर्यंत ओढली होती आणि पुढ्यातल्या ओटच्या खिरीला हातही लावला नव्हता. पोरगं जायच्या आनंदात जेवण विसरलं, असं डॉर्टेला वाटलं.

"पण बाबा, तुमचं तिकीट वाया जाईल," येप्पे म्हणाला.

"जाऊ दे. त्या जत्रेत मला कुठे पाळण्यात बसायचंय?"

"पण गेलंय कुणाचं?" विबेकेनं विचारलं.

डॉर्टेनं पट्टे टेबलावर पसरले. चार निळे. एक लाल.

"बर्टिलचं."

काल दुपारी बाजाराला निघताना तिनं स्वतः डबा उघडून सहाच्या सहा पाहिले होते. तेव्हापासून समुद्राकाठच्या या भाड्याच्या घरात परक्या माणसाचं पाऊल पडलेलं नव्हतं. म्हणजे ज्यानं कुणी पट्टा घेतला, तो याच टेबलाशी बसला होता.

२

डॉर्टे विमा कंपनीत होती. लोक फोनवर नुकसान सांगायचे आणि त्यातलं खरं किती, हे ती ठरवायची. चोरीला गेलेल्या सायकली, जळालेले गालिचे, 'आपोआप' फुटलेले टीव्ही. एक गोष्ट ती तिथे शिकली होती. वस्तू कशी गेली हे विचारायच्या आधी, नेमकी तीच का गेली हे विचारायचं.

पिवळा पट्टाच का? बाहेरचा चोर असता तर निळे नेले असते. निळ्यावर सगळे पाळणे खुले होते. पिवळा चिमुरड्यांचा, तो दुसऱ्या कुणाच्या मनगटाला पुरलाही नसता. म्हणजे घेणाऱ्याला पट्टा नको होता. त्याला एवढंच हवं होतं, की बर्टिलनं जाऊ नये.

ती उठून अंगणात गेली.

येप्पे अंगणात गाडीशी उभा राहून उद्यानात फोन लावत होता. "नाही म्हणतात," तो म्हणाला. "आजची सगळी संपली. ओळखपाळख, रडारड, काही चालत नाही."

"येप्पे, खरं सांग. बर्टिल अजून लहान आहे, त्याला कशाला न्यायचं, असं तूच म्हणाला होतास ना?"

त्यानं फोन खिशात टाकला. "तू माझी उलटतपासणी घेतेयस?"

"विचारतेय."

"मला त्याला न्यायचं नसतं तर मी तसं तोंडावर सांगितलं असतं. भांडलो असतो. डब्यात हात घातला नसता." तो वळला. मग पुन्हा तिच्याकडे फिरला. "आणि तुझा तो डबा होता कुठे हेच मला ठाऊक नव्हतं. रोज फ्रिजवर असतो तो."

हे खरं होतं. काल निघताना, सोल्वाय पट्ट्यांशी खेळेल म्हणून, डॉर्टेनं डबा फ्रिजवरून उचलून फळीवर ठेवला होता. येप्पे तेव्हा बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होता. स्वयंपाकघरात मागे होते ते विबेके, थोर्किल आणि दोन्ही मुलं. बर्टिलचा हात तर स्टुलावर चढूनही फळीला पोचला नसता.

येप्पे सुटला. मागे तिघं उरले. थोर्किलना गर्दी आवडत नाही हे जगजाहीर होतं. पण जायचं टाळायचं असतं तर त्यांनी स्वतःचा पट्टा लपवला असता. नातवाचा कशाला?

घरातून विबेकेचा फोनवर दबक्या आवाजात हसल्याचा आवाज आला. डॉर्टेची पावलं वाजताच तो थांबला.

३

सोल्वाय टेबलाखाली बसली होती. दुःख झालं की ती तिथेच जायची. डॉर्टेही वाकून आत शिरली.

"पिलू, बर्टिलचा पट्टा तू घेतलास का? मी रागावणार नाही."

"तू रागावतेस," सोल्वाय म्हणाली. "रागावणार नाही म्हणतेस तेव्हा तर जास्तच रागावतेस."

डॉर्टेनं तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

"मी नाही घेतला. मला तर तो हवाय. पाण्याच्या होडीत दोघांनी बसायचं असतं. पण तसाही तो भिकार झालाय आता."

"भिकार म्हणजे?"

"खेळतच नाही. मी हाक मारली की कितीतरी वेळानं बघतो. सकाळी मी पडदा उघडला तर केवढ्यानं ओरडला, डोळ्यावर उशीच घेतली. आणि आजोबा मलाच ओरडले. ते खुर्ची घेऊन आमच्याच खोलीत झोपले होते. घोरले पण नाहीत."

"असं का?" डॉर्टे म्हणाली, पण तिचं मन दुसरीकडेच होतं. "काल दुपारी काय केलंत तुम्ही? मावशी म्हणाली, तुम्ही तिघं अंगणात झोक्यावर होतात."

सोल्वायनं पाठपिशवीचा बंद तोंडात घातला.

"सोल्वाय?"

"ते सांगायचं नाहीये."

"कुणी सांगितलं, सांगायचं नाही म्हणून?"

"मावशीनं. म्हणून तर तिनं मला दोन गोळ्यांचं आइस्क्रीम दिलं."

आइस्क्रीम बंदरावर मिळायचं. अंगणात नाही.

४

विबेके मागच्या पायऱ्यांवर बसली होती. बहिणीचा चेहरा पाहूनच ती उठून उभी राहिली.

"पट्टा दे," डॉर्टे म्हणाली.

"काय?"

"काल तू बंदरावर होतीस. मला थाप मारलीस, मुलीला लाच दिलीस. बर्टिल आज घरी राहिला, की त्याला सांभाळायच्या निमित्तानं तूही राहणार, आणि काल जो कोण भेटला, ज्याच्याशी मघाशी फोनवर हसत होतीस, तो इथे येणार. असंच ना?"

विबेकेच्या मानेवर लाल चट्टे उमटले. लहानपणापासून तिचं असं व्हायचं. "त्याचं नाव टॉर्बेन आहे. दीपगृहाजवळच्या शाळेत शिकवतो. हो, भेटले मी त्याला. आणि तुला नाही सांगितलं, कारण तुला सांगितलं की त्याची चौकशी होते. घर कुठे, आई कशी, दारू किती पितो! मला एक दुपार बिनचौकशीची हवी होती गं, ताई."

"पट्टा."

"माझ्याकडे नाहीये! घे, तपास माझी बॅग! आणि मी घरी राहते, असं सकाळपासून मी एकदा तरी म्हणाले का?"

खरंच, म्हणाली नव्हती. विमा कंपनीत रोज अशी माणसं भेटत. खोटं बोलणारा सगळं सुरळीत सांगतो. खऱ्याचा मात्र तोल जातो, आवाज फाटतो. विबेकेचा आवाज फाटला होता.

"मी आणि सोल्वायच गेलो होतो," विबेके डोळे पुशीत म्हणाली. "बर्टिल झोपला होता. झोपलेल्या पोराला उठवून कुठे नेऊ?"

"मग बर्टिल कुणाजवळ होता?"

विबेकेनं मान खाली घातली. त्या घरात हे नाव घेणं अवघड होतं, हे तिलाही माहीत होतं.

"थोर्किलकाकांजवळ. तेच म्हणाले, जा तू, मी आहे."

५

ईस्टरला थोर्किल सोल्वायला मासळीबाजारात घेऊन गेले होते. ओळखीच्या माणसाशी बोलत उभे राहिले आणि पोर धक्क्याच्या टोकापर्यंत एकटीच गेली. झालं काहीच नाही. पण त्यानंतर डॉर्टेनं येप्पेला निक्षून सांगितलं होतं: पुन्हा मुलं एकट्या बाबांच्या ताब्यात द्यायची नाहीत. येप्पेनं ते वडिलांना कसं सांगितलं, कोण जाणे. थोर्किलनी नुसती मान हलवली होती. बायको गेल्यापासून त्या माणसाला या दोन पोरांखेरीज दुसरं काही नव्हतं.

डॉर्टे पायऱ्यांवर उभी राहिली आणि सकाळचं टेबल तिला पुन्हा दिसलं.

ती म्हणाली होती, 'एक तिकीट नाहीये.' कुणाचं ते कुठे सांगितलं होतं? येप्पेला ठाऊक नव्हतं, तो नीट बघ म्हणाला. सोल्वायला ठाऊक नव्हतं, तिला वाटलं कुणीच जायचं नाही. विबेकेनं तर सरळ विचारलं, गेलंय कुणाचं? पण त्याच्या आधीच एक माणूस म्हणाला होता, तुम्ही चौघं जा, मी आणि हा पठ्ठ्या राहतो. मोठ्या माणसाचं तिकीट गेलं असतं तर बर्टिलला मागे राहायचं काहीच कारण नव्हतं.

घेणारा कळला. पण का घेतला, हे अजून राहिलंच होतं. नातवाला डोक्यावर घेऊन नाचणारा आजोबा त्याची सहल कशाला बुडवेल?

आणि मग सोल्वायचे शब्द आठवायला लागले. हाक मारली की कितीतरी वेळानं बघतो. उजेडाला ओरडतो. खीर खाल्ली नाही. आजोबा रात्रभर खुर्चीत, आणि घोरलेही नाहीत. म्हणजे जागे होते. घरात कुणी टोपी घालतं का? कानापर्यंत ओढलेली, उन्हाळ्यात?

"ताई? काय झालं?" विबेके म्हणाली.

डॉर्टे धावत होती. बैठकीच्या खोलीत कुणी नव्हतं. न्याहारीची खुर्ची रिकामी. मुलांच्या खोलीचं दार लोटलेलं. तिनं ते ढकललं.

आत पडदे ओढलेले होते. थोर्किल पलंगाशी गुडघ्यांवर बसून बर्टिलच्या गालावर हलके हलके चापट्या मारत होते.

"उठ रे," ते म्हणत होते. "उठ माझ्या राजा. आजोबाला एकदा बघ."

६

बर्टिलनं डोळे उघडले. उघडले, पण ते आईवर यायला फार उशीर लागला. डॉर्टेनं टोपी काढली. कानाच्या मागे, केसांखाली, निळसर टेंगूळ होतं. हात लावताच पोर कण्हलं आणि त्यानं तिच्या अंगावर भडभडून उलटी केली.

"कुठून पडला?"

थोर्किल गुडघ्यांवरच मागे सरकले.

"बाबा! कुठून पडला?"

"बंकरवरून."

किनाऱ्यावर वाळूत कलंडून पडलेले ते जुन्या युद्धातले काँक्रीटचे ठोकळे. त्यांच्या जवळही जायचं नाही, हे डॉर्टेनं आल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं.

"तो उठला, म्हणाला, समुद्र दाखव. मी वर चढवला त्याला. हात धरला होता. मग त्यानं एकदम हिसका मारला, पक्षी बघायला..." म्हाताऱ्यानं स्वतःचा हात समोर धरला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "नंतर हसला की गं तो. बिस्किट खाल्लं. मला वाटलं, सुटलो. सांगितलं असतं तर तू पुन्हा मला पोरं दिली नसतीस. पण आज तिथे त्याला गरगर फिरवणार, उडवणार, तेवढं तर मला थांबवायला हवं होतं. तू फळीवर डबा ठेवताना मी पाहिलं होतं."

त्यांनी स्वेटरच्या आतून पिवळा पट्टा काढून पलंगावर ठेवला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

येप्पे दारात येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. वडिलांकडे न बघता त्यानं मुलाला उचललं. डॉर्टेनं तातडीचा नंबर फिरवला. पलीकडच्या नर्सनं दोनच प्रश्न विचारले आणि सांगितलं, लगेच आणा, त्याला जागा ठेवा.

विबेकेनं सोल्वायला कुशीत धरलं होतं. "हिला मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही निघा."

डॉर्टे तिच्यापाशी क्षणभर थांबली. "हिला बसनं घेऊन जा स्वानेलुंडला. दोघीच. आणि विबेके, मघाशी मी..."

"नंतर. जा तू."

गाडीत थोर्किल न विचारताच पुढे बसले. त्यांना उतरा म्हणायला कुणाला वेळ नव्हता. मागे डॉर्टे बर्टिलला मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या एकेका पवनचक्कीला नाव देत राहिली, त्याला बोलतं ठेवायला. तिसऱ्या नावानंतर त्यानं उत्तर देणं सोडलं.

"आणखी वेगानं," ती म्हणाली.

७

हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती आणि घाईत होती. "पडला तेव्हा जवळ कोण होतं? नुसतं 'डोक्यावर पडला' नको. किती उंचावरून, कशावर, शुद्ध गेली होती का?"

येप्पेनं मागे वळून पाहिलं. डॉर्टेनंही. हे सांगू शकणारा माणूस मागे भिंतीला टेकून उभा होता.

थोर्किल पुढे आले. "माझ्या डोक्याएवढ्या उंचीवरून. खाली वाळू होती, पण वाळूत काँक्रीटचा तुकडा होता." ते थांबले. हे पुढचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. "शुद्ध गेली होती. मी समुद्रापर्यंत जाऊन ओंजळीत पाणी आणलं, तोवर तो तसाच होता. नंतर एकदा उलटी झाली. काल संध्याकाळी पुन्हा एकदा. ती मी पुसून टाकली."

डॉर्टेच्या तोंडातून आवाज निघाला. येप्पेनं तिचा दंड धरला.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाली आणि खाटेसकट बर्टिलला आत घेऊन गेली.

वाट बघणं म्हणजे काय, हे डॉर्टेला आयुष्यभर ठाऊक आहे असं वाटायचं. त्या बाकावर तिला कळलं, की आजवर ती जे करत होती ती नुसती तालीम होती. कुठल्याच 'तर'ला तिच्याकडे उपाय नव्हता. येप्पे येरझाऱ्या घालत होता. म्हातारा उभाच होता; बाकावर जागा असूनही तो बसला नाही.

अखेर डॉक्टर बाहेर आली. कवटीला बारीक चीर गेली होती. आत रक्त साचलेलं नव्हतं. "मेंदूला धक्का बसलाय, म्हणून झोप, उलट्या, उजेडाचा त्रास. ठेवून घेऊ, लक्ष ठेवू. भरून येईल. पण हे पोर आज गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसलं असतं तर मला बोलायला आवडलं नसतं असं काहीतरी मी तुम्हाला सांगत असते."

येप्पे भिंतीकडे तोंड करून रडला. मग डोळे पुसून वडिलांपाशी गेला आणि हळू आवाजात एवढंच म्हणाला, "बाबा, तो मेला असता." थोर्किलनी मान हलवली. ईस्टरला हलवली होती तशी नाही. या वेळी ती खाली गेली, ती वर आलीच नाही.

दुपारी सोल्वायचा फोन आला. ती पाण्याच्या होडीत मावशीशेजारी बसली होती आणि दोघी नखशिखान्त भिजल्या होत्या. "बर्टिलला सांग, तो आला की मी पुन्हा बसेन," ती ओरडली. फोन ठेवल्यावर येप्पे बर्टिलचे कपडे आणि त्याचा कापडी सील मासा आणायला घरी गेला.

खोलीत तिघंच उरले. बर्टिल झोपला होता. आता ती साधी झोप होती, नर्सनं दोनदा तपासून सांगितलं होतं. डॉर्टेच्या अंगावर अजून सकाळच्या उलटीचे डाग होते. तिला तोंड धुवायचं होतं, काहीतरी पोटात ढकलायचं होतं. खाटेपासून तिचे पाय हलत नव्हते.

थोर्किल दारापाशी होते. "मी बाहेर बसतो," ते म्हणाले. "येप्पे आला की मला आगगाडीत बसवून द्या. मी माझ्या घरी जातो. पुन्हा पोरांना मागणार नाही तुमच्याकडे."

डॉर्टेनं बर्टिलचं पांघरूण सारखं केलं. राग होता, तो जाणार नव्हता, बहुधा बरेच दिवस. पण त्या रागाच्या तळाशी एक गोष्ट तिला टोचत होती. एका दुपारी दोन माणसांनी तिच्यापासून लपवलं होतं. एकीनं प्रेम, एकानं अपघात. आणि सात वर्षांची पोरगी टेबलाखाली बसून म्हणाली होती, तू रागावतेस.

ती उठली. खुर्ची खाटेजवळ ओढली.

"बसा इथे," ती म्हणाली. "मी तोंड धुऊन, कॉफी घेऊन येते."

म्हाताऱ्याला कळेना. "मी? एकटा?"

"नर्स समोरच आहे. घंटा उशाशी आहे." ती दारापर्यंत गेली, थांबली, वळली. "बाबा, त्याला काही झालं, किंवा झाल्यासारखं वाटलं, तरी मला सांगायचं. कधीही, काहीही. मी ओरडेन. खूप ओरडेन. तरी सांगायचं."

थोर्किल खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी नातवाचा हात हातात घेतला.

"सांगेन," ते म्हणाले.

डॉर्टेनं दार उघडं ठेवलं आणि ती कॉफी शोधायला निघाली.